शिंगवाल्या बेडकाचा आहार आणि निवास
(बेळ्ळंदूर येथे दिलेले व्याख्यान)



घरात बेडूक पाळण्याची कल्पना आपल्या आजीआजोबांना कोणी सांगितली असती, तर त्यांनी ती हसण्यावारी नेली असती. त्यांच्या लेखी बेडूक हा पावसाचा सांगाती. पावसाने ओढ दिली म्हणजे बेडकांचे लग्न लावण्याची प्रथा कर्नाटकातील आणि महाराष्ट्रातील काही गावांत आजही पाळली जाते. मृगाच्या सरींबरोबर तो अंगणात येई, रात्रभर ओरडे आणि पावसाळा सरला की दिसेनासा होई. त्याच्या अन्नाची वा निवाऱ्याची काळजी माणसाला वाहावी लागत नसे.

आज बेळ्ळंदूरच्या उंच इमारतींमधून, जेथे घराला अंगणच उरलेले नाही, तेथे काचेच्या पेटीत बसलेला एक परदेशी बेडूक अधूनमधून दृष्टीस पडतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बहुतेकांनी तो विकत घेतला तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढा होता. नीट सांभाळल्यास तो दहा ते पंधरा वर्षे जगतो आणि मोठ्या माणसाच्या मुठीपेक्षाही मोठा होतो, ही गोष्ट घेणाऱ्याला अनेकदा ठाऊक नसते. म्हणून हा प्राणी कोण आहे, त्याला काय खाऊ घालावे आणि कोठे ठेवावे, आणि आपल्या वस्तीलगतच्या तलावाशी या प्रश्नाचा काय संबंध आहे, एवढ्या गोष्टी आज क्रमाने मांडण्याचा माझा विचार आहे.

प्रथम त्याची ओळख करून घेऊ. शास्त्रज्ञ या बेडकांच्या प्रजातीला ‘सेराटोफ्रिस’ म्हणतात. तिच्यात आठ जाती मोडतात आणि त्या सर्व दक्षिण अमेरिकेतील आहेत. पाळीव प्राण्यांच्या बाजारात मुख्यत्वे दोन जाती येतात. पहिली ‘सेराटोफ्रिस ऑर्नाटा’ ही अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलमधील पंपास नावाच्या गवताळ मैदानांत राहते. चार्ल्स डार्विनच्या ‘बीगल’ सफरीत जमविलेल्या प्राण्यांचे वर्णन करताना टॉमस बेल या प्राणिशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली. दुसरी ‘सेराटोफ्रिस क्रॅनवेली’ ही ग्रान चाको या कोरड्या, काटेरी रानांच्या प्रदेशातील असून तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद १९८० मध्ये झाली. दुकानांत दिसणारे पिवळे, नारिंगी किंवा हिरवे बेडूक बहुधा या दुसऱ्या जातीचे असतात. रंगांची ही विविधता पैदास करणाऱ्यांनी निवड करून निर्माण केली आहे. १९८० सालीच जपानमध्ये निघालेल्या ‘पॅक-मॅन’ या खेळातील, समोर येईल ते गिळत जाणाऱ्या गोल तोंडाच्या आकृतीवरून व्यापाऱ्यांनी त्याला तेच नाव दिले.

नावात शिंगे असली तरी ती खरी शिंगे नव्हेत. डोळ्यांवरील त्वचेची ती टोकदार घडी आहे. पाचोळ्यात बसलेल्या बेडकाची बाह्यरेषा त्या घडीमुळे मोडते आणि तो सहज दिसत नाही. त्याची सारी शरीररचना दबा धरून बसणाऱ्या शिकाऱ्याची आहे. आखूड पाय, पसरट अंग आणि शरीराच्या मानाने प्रचंड तोंड. तो मागच्या पायांनी माती उकरून स्वतःला अर्धा पुरून घेतो व तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस, तसाच बसून राहतो. भक्ष्याचे लक्ष वेधण्यासाठी तो मागच्या पायाची बोटे अळीसारखी हलवतो, असेही निरीक्षण झालेले आहे. भक्ष्य टप्प्यात आले की जीभ बाहेर पडते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत या जिभेची ओढ बेडकाच्या स्वतःच्या वजनाहूनही अधिक असल्याचे आढळले. जबड्याचा जोरही असाच असाधारण आहे. २०१७ च्या एका अभ्यासात साडेचार सेंटिमीटर रुंद डोक्याच्या बेडकाचा चावा सुमारे ३० न्यूटन, म्हणजे तीन किलोच्या वजनाएवढा भरला. डोके दहा सेंटिमीटर रुंद झाल्यास तो ५०० न्यूटनच्या जवळ जाईल, असा अंदाज त्या संशोधकांनी बांधला. पंपासमधील गुराख्यांत या बेडकाच्या चाव्याने घोडा मरतो अशी समजूत होती. ती खरी नाही, कारण त्याच्या चाव्यात विष नसते. परंतु लहान मुलाचे बोट त्याच्या तोंडाजवळ जाऊ नये, एवढा बोध त्या दंतकथेतून अवश्य घ्यावा.

या प्राण्याच्या स्वभावाची आणखी एक बाजू आपल्याला परकी वाटू नये. चाकोच्या रानात वर्षाचे अनेक महिने पाऊस नसतो. त्या काळात हा बेडूक जमिनीत खोल जातो, आणि गळू लागलेल्या त्वचेचे थरावर थर अंगावरच राहून त्यांचा एक कोरडा कोश तयार होतो. अंगातील ओलावा त्या कोशात टिकून राहतो. पहिला मोठा पाऊस झाला की तो कोश फाडून, खाऊन टाकून वर येतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्तात आटलेल्या तळ्यात सुकलेल्या पखालीसारखा पडून राहिलेला आणि पावसाचे पाणी पडताच जागा झालेला बेडूक वर्णिलेला आहे. संस्कृतात बेडकाला ‘वर्षाभू’ असा शब्द आहे. आपल्याकडच्या बेडकाचे वर्षचक्र त्या कवींनी किती बारकाईने न्याहाळले होते हे यावरून कळते. दूरच्या खंडातील या बेडकाचे चक्रही त्याच तालावर चालते.

आता निवासाकडे वळू. निवासाचा विचार आहाराच्या आधी करण्याचे कारण असे की, बेडूक उपाशी राहून काही आठवडे निभावून नेऊ शकतो. वाईट जागेत मात्र तो काही दिवसांतच आजारी पडतो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या व मांड्यांच्या पातळ त्वचेतून तो ते शोषून घेतो. त्याच्या श्वसनाचा काही भागही त्वचेतूनच होतो. म्हणून ज्या मातीवर तो बसला आहे आणि ज्या पाण्यात तो उतरतो, ते त्याच्या रक्तात जाते असे समजूनच सारी व्यवस्था करावी.

पूर्ण वाढलेल्या एका बेडकाला ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि तितकीच उंच काचेची पेटी पुरते. तो भटकणारा प्राणी नसल्यामुळे याहून फार मोठ्या जागेची त्याला ओढ नसते. पेटीला झाकण हवे आणि त्यात हवा खेळती राहण्यास जाळी हवी. एका पेटीत एकच बेडूक ठेवावा. या नियमाला अपवाद नाही. निसर्गात या बेडकाच्या आहाराचा मोठा भाग इतर बेडकांचाच असतो, आणि स्वतःएवढ्या सोबत्यालाही गिळण्याचा प्रयत्न तो करतो. अशा प्रयत्नात गिळणारा आणि गिळला जाणारा असे दोघेही गुदमरून मेल्याची उदाहरणे आहेत.

तळाशी आठ ते दहा सेंटिमीटर जाडीचा थर असावा, म्हणजे त्याला स्वतःला पुरून घेता येईल. यासाठी नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला रोपवाटिकांत कोकोपीट म्हणतात, तो उत्तम. कर्नाटकात तो मुबलक आणि स्वस्त मिळतो. मात्र त्यात कधी कधी क्षार अधिक असतात. म्हणून वापरण्यापूर्वी तो दोनतीनदा पाण्यात भिजवून, पिळून, ते पाणी टाकून द्यावे. खत मिसळलेली माती वापरू नये. वाळू, खडी किंवा रंगीत गोटे तर मुळीच नकोत. हा बेडूक भक्ष्यावर झडप घालतो तेव्हा तोंडात येईल ते गिळतो, आणि पोटात गेलेले खडे आतडी तुंबवून त्याचा जीव घेतात. भुसा मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा व्हावा, पण पाणी टपकू नये, एवढाच ओलावा राखावा. पेटीचा सगळा तळ ओलाचिंब असेल तर त्वचेचे रोग जडतात. सगळा कोरडा असेल तर बेडूक वर सांगितलेला कोश विणू लागतो. बेडूक खाली दडून बसला, अन्न घेईना आणि अंगावर निस्तेज, कागदासारखे आवरण दिसू लागले, तर तो मेला असे समजू नये. त्याला हळूच उचलून कोमट, उथळ पाण्यात ठेवावे.

तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. या बाबतीत बंगळूरकर भाग्यवान आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहराची हवा वर्षातील बराच काळ या बेडकाला मानवते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १६ अंशांपर्यंत उतरते, तेव्हा थोड्या उबेची गरज पडते. उष्णता देणारी पट्टी वापरायची असेल तर ती पेटीच्या बाजूच्या काचेला लावावी आणि तिला तापमान-नियंत्रक जोडावा. ती तळाखाली लावणे घातक आहे. जमिनीत खोल गेल्यास गारवा मिळतो, हे या प्राण्याचे उपजत ज्ञान आहे. तळ तापलेला असला की थंडाव्यासाठी तो अधिकाधिक खाली जातो आणि भाजून निघतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ३४-३५ अंशांवर जाते आणि एखाद्या वर्षी त्याहूनही बरेच वर चढते. त्या दिवसांत पेटी खिडकीपासून दूर, घरातील सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावी.

पाण्याचे भांडे जड व उथळ असावे. पाणी बेडकाच्या हनुवटीच्या वर जाता कामा नये, कारण हा बेडूक असूनही पोहण्यात कच्चा आहे. ते पाणी कोणते असावे, या प्रश्नाला बेळ्ळंदूरमध्ये विशेष महत्त्व आहे. येथील घरांत पाणी चार वाटांनी येते: कावेरीचे नळाचे पाणी, विंधन विहिरीचे पाणी, टँकरचे पाणी आणि गृहसंकुलातील सांडपाणी शुद्ध करून शौचकुपासाठी व बागेसाठी फिरविलेले पाणी. यांपैकी शेवटचे बेडकासाठी पूर्णतः वर्ज्य समजावे. कावेरीच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन असते. उघड्या बादलीत ते २४ तास ठेवले म्हणजे क्लोरीन उडून जाते. जेथे क्लोरामाइन वापरलेले असेल तेथे मात्र नुसते ठेवून भागत नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानांत मिळणारे पाणी-शोधक द्रावण लागते. टँकरचे पाणी आज एका विहिरीचे तर उद्या दुसऱ्या विहिरीचे असते, म्हणून त्यावर विसंबू नये. अनेक संकुलांत जड पाणी मृदू करणारी यंत्रे बसविलेली आहेत; ती कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम घालतात, आणि तसे पाणी बेडकाला हितकर नाही. घरातील गाळणयंत्राचे जवळजवळ क्षारहीन झालेले पाणीही एकट्याने वापरू नये. क्लोरीन उडालेल्या नळाच्या पाण्यात ते मिसळावे.

पाणी रोज बदलावे, विष्ठा दिसताच काढून टाकावी आणि तळाचा भुसा काही आठवड्यांनी पूर्ण बदलावा. बेडकाच्या मलमूत्रातून अमोनिया सुटतो. घाणीत बसलेला बेडूक तोच अमोनिया त्वचेतून पुन्हा अंगात घेतो. मग त्याचे पाय ताठ होतात, अंगाला झटके येतात आणि काही तासांत त्याचा अंत होतो. बंगळुरातल्या घरांत आणखी एक धोका आहे, तो डासांवरील औषधांचा. कॉइल, फवारा, भिंतीत खोचायचे द्रावण या साऱ्यांत कीटकनाशके असतात. ज्या खोलीत बेडूक आहे त्या खोलीत त्यांतले काहीही वापरू नये. खिडकीला जाळी लावावी हे उत्तम.

आता आहार. या बेडकाचे तोंड मोठे आहे आणि भूक त्याहून मोठी, म्हणून त्याला वाटेल ते आणि वाटेल तेवढे देता येते, असा समज पसरला आहे. पाळलेल्या बेडकांच्या दुखण्यांपैकी बरीचशी या एका समजातून उद्भवतात. रानात त्याला भक्ष्य मिळते ते पावसाळ्याच्या काही महिन्यांत, आणि तेही नशिबाने. मिळेल तेव्हा पोटभर खाऊन घेणे हा तेथे जगण्याचा मार्ग होता. पेटीतल्या बेडकाला टंचाई कधी येतच नाही. त्याचे शरीर मात्र टंचाईच्या तयारीने चरबी साठवीतच राहते. पुढे ती चरबी यकृतात आणि डोळ्यांच्या पारदर्शक पटलावरही साचते आणि प्राणी आंधळा होतो.

त्याचे मुख्य अन्न कीटक व गांडुळे हेच असावे. रातकिडे, नाकतोडे आणि खास पैदास केलेली झुरळे चालतात. घरात सापडलेले झुरळ कधीही देऊ नये. ते विषारी औषध खाऊन आलेले असू शकते. गांडूळ हा तर सर्वांत चांगला आहार, कारण त्यातील कॅल्शियमचे प्रमाण कीटकांपेक्षा बरे असते. परंतु गांडूळखताच्या वाफ्यातील लाल गांडुळे अंगातून उग्र चवीचा द्रव सोडतात व पुष्कळ बेडूक ती थुंकून टाकतात. औषध न मारलेल्या मातीतील साधी, राखाडी गांडुळे आणून, एक दिवस स्वच्छ ओल्या भुशात ठेवून द्यावीत. संकुलाच्या बागेत फवारणी होत असते, म्हणून तेथली गांडुळे घेऊ नयेत. लहान मासे क्वचित द्यावेत. गोल्डफिश देऊ नयेत, कारण त्यांच्यात ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते. उंदराचे पिल्लू हे अन्न म्हणून फार पौष्टिक, म्हणजेच या बैठ्या प्राण्यासाठी फार स्निग्ध आहे; पूर्ण वाढलेल्या बेडकाला ते महिन्यातून एखाद्या वेळेपेक्षा अधिक देऊ नये, आणि जिवंत तर कधीच देऊ नये. जिवंत उंदीर बेडकाला चावतो, आणि त्या मुक्या जिवाचे हाल होतात ते निराळेच. बाहेरच्या तळ्यातील बेडूक वा बेडकांची पिल्ले पकडून घालणे हा तर दुहेरी अपराध होय: त्यांच्याबरोबर रोग आणि परोपजीवी कृमी घरात येतात, आणि आधीच विरळ झालेल्या देशी बेडकांची हानी होते.

किती द्यावे? दोनतीन सेंटिमीटरच्या पिल्लाला रोज तीनचार लहान रातकिडे. अर्धवट वाढलेल्याला दर दोनतीन दिवसांनी. पूर्ण वाढलेल्याला सात ते दहा दिवसांतून एकदा चारपाच मोठी गांडुळे किंवा तितकेच मोठे कीटक. एक भक्ष्य बेडकाच्या डोक्याच्या अर्ध्या रुंदीपेक्षा मोठे नसावे. अन्न लांब, बोथट टोकाच्या चिमट्याने धरून द्यावे. हाताने देऊ नये. न खाल्लेला रातकिडा पेटीत रात्रभर ठेवू नये, कारण तो झोपलेल्या बेडकाची त्वचा कुरतडतो. स्वयंपाकघरातील लहान काट्यावर बेडकाचे वजन दर आठवड्याला करून वहीत लिहून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते. डोळ्यांना जे महिनाभर जाणवत नाही ते त्या आकड्यांत दोन आठवड्यांत दिसते.

कॅल्शियमची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. रातकिड्यासारख्या कीटकाच्या शरीरात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पटींनी अधिक असतो. बेडकाला या दोहोंचे प्रमाण उलटे, म्हणजे कॅल्शियम अधिक असलेले हवे. रक्तातील हा समतोल टिकविण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतील कॅल्शियम काढून घेऊ लागते. मग जबडा रबरासारखा मऊ होतो, पाठीचा कणा वाकतो, आणि ज्या जबड्याच्या जोराचे आपण मघाशी कौतुक केले त्यात एक अळी धरण्याचेही बळ उरत नाही. यावर उपाय सोपा आहे. कीटक देण्याआधी एक दिवस त्यांना हिरव्या पालेभाज्या, गाजर, भोपळा असे सकस अन्न खाऊ घालावे आणि देताना त्यांच्यावर कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी भुरभुरावी. कॅल्शियम शरीरात सामावण्यास ‘ड-३’ जीवनसत्त्व लागते. ते भुकटीतून आठवड्यातून एकदा द्यावे. त्याचा अतिरेकही विषारी असतो, म्हणून प्रत्येक वेळी ते घालू नये.

आजाराची काही लक्षणे लक्षात ठेवावीत. पोट व मांड्यांची त्वचा लाल होणे हे जंतुसंसर्गाचे चिन्ह आहे. पोट फुगणे आणि विष्ठा न होणे हे आतडी तुंबल्याचे. तोंड सतत उघडे राहणे हे हाडे मऊ झाल्याचे. मात्र अधूनमधून बेडूक तोंड वासतो, अंग आकुंचित करतो आणि काहीतरी गिळल्यासारखे करतो, तेव्हा घाबरू नये. तो जुनी त्वचा काढून खात असतो. खऱ्या आजारात घरगुती औषधोपचार न करता परदेशी प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जावे. असा पशुवैद्य आपल्या आवाक्यात आहे का, हे बेडूक घेण्यापूर्वीच पाहून ठेवावे. बेडकाला शक्यतो हाताळू नये. हाताळावेच लागले तर स्वच्छ पाण्याने हात ओले करून, आणि नंतर साबणाने धुऊन.

येथवर आपण एका पेटीच्या आतले पाहिले. आता तिच्या बाहेर डोकावू.

हा प्राणी येतो कोठून? काही बेडूक या देशातच पैदास झालेले असतात, काही आयात केलेले असतात. परदेशातून जिवंत प्राणी आणण्यास परवाना लागतो आणि त्याची आरोग्य-तपासणी व्हावी लागते. पण चोरट्या वाटाही आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये याच शहराच्या केंपेगौडा विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानात २३४ वन्य प्राणी सापडले. त्यांत कांगारूचे एक मेलेले पिल्लूही होते. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या परिशिष्टांत नोंदलेले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी त्यांची नोंदणी करणे तिने बंधनकारक केले, आणि त्यासंबंधीचे नियम २०२४ मध्ये निघाले. ही परिशिष्टे वेळोवेळी बदलतात. म्हणून कोणताही परदेशी प्राणी घेण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी आणि विक्रेत्याकडून त्याच्या उगमाचा लेखी पुरावा मागावा. पुरावा न देणाऱ्याकडून घेऊ नये.

आणि मग तो दिवस येतो, जेव्हा घर बदलते, नोकरी दुसऱ्या देशात लागते, मूल मोठे होते, आणि बेडूक नकोसा होतो. समोर तलाव असतो. ‘पाण्याचा जीव पाण्यात सोडू’ असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात माणसाला पुण्यही वाटते. हीच सर्वांत मोठी चूक होय, आणि ती का, हे समजण्यास फार दूर जावे लागत नाही. आपल्याच देशातला मोठा बेडूक, ‘होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस’, मुख्य भूमीवरून अंदमान बेटांवर नेला गेला. तेथे तो गेल्या काही दशकांत झपाट्याने पसरला. त्याची पिल्ले मांसाहारी असून ती तेथील स्थानिक बेडकांची पिल्ले खातात, हे संशोधनात सिद्ध झाले आहे. शिंगवाल्या बेडकाचीही पिल्ले मांसाहारीच असतात. शिवाय ‘कायट्रिड’ नावाची बुरशी बेडकांच्या त्वचेवर वाढते आणि प्राण्यांच्या व्यापाराबरोबर खंडांमागून खंडांत गेली आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार या रोगाने जगभरात निदान ५०१ जातींची घट घडविली असून त्यांपैकी ९० जाती नष्ट झाल्या आहेत. म्हणून बेडूक तर सोडू नयेच, पण त्याच्या पेटीतले पाणीही गटारात वा बागेत ओतण्याआधी जंतुनाशक घालून निर्जंतुक करावे. वापरलेला भुसा उन्हात पूर्ण वाळवून, पिशवीत बंद करून कचऱ्यात द्यावा.

आपल्या तलावाची स्थिती तुम्हाला मी सांगायला नको. सुमारे ९०० एकरांचा बेळ्ळंदूर तलाव हा या शहरातला सर्वांत मोठा. शहराच्या मोठ्या भागाचे सांडपाणी दशकानुदशके त्यात येत राहिले. साबणांतील फेनकारी द्रव्यांनी त्याच्या सांडव्यावर फेसाचे डोंगर उभे राहिले. २०१५ च्या मे महिन्यात त्या फेसाने पेट घेतला. २०१७ च्या फेब्रुवारीत आणि २०१८ च्या जानेवारीत पुन्हा आग लागली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या प्रकरणात लक्ष घातले आणि २०२० पासून गाळ काढण्याचे काम सुरू झाले. हे पाणी पुढे वर्तूर तलावातून दक्षिण पिनाकिनी नदीला मिळते. ज्या प्राण्याची त्वचाच त्याचे तोंड आहे, त्याला अशा पाण्यात सोडणे म्हणजे त्याला मुक्त करणे नव्हे. तो बहुधा मरेल. आणि न मेला, तर तेथे टिकून राहिलेल्या देशी बेडकांना मारील. या दोन्ही शक्यतांत पुण्याला जागा नाही. नकोसा झालेला बेडूक अनुभवी पालकाकडे, पशुवैद्याच्या मध्यस्थीने किंवा प्राणी-सुश्रूषा केंद्राशी बोलून सोपवावा.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगतो. जमिनीत दडणारा, पहिल्या पावसाला वर येणारा, गोल अंगाचा बेडूक पाहण्यासाठी अर्जेंटिनाकडे पाहावे लागत नाही. या शहराच्या उत्तरेकडील राजनकुंटे परिसरातून २०२० मध्ये अशाच बिळात राहणाऱ्या बेडकाची एक नवी जात शास्त्राला ज्ञात झाली, आणि तिला शहराचेच नाव मिळाले: ‘स्फेरोथीका बंगळूरू’. एक कोटीहून अधिक वस्तीच्या महानगराच्या वेशीवर एक बेडूक २०२० पर्यंत निनावी राहिला होता. त्याला ना पेटी लागते, ना भुकटी. त्याला फक्त न खणलेली, काँक्रीट न ओतलेली थोडी जमीन आणि पावसाळ्यात साचणारे उथळ पाणी लागते. आपल्या देशातल्या मोठ्या बेडकांचे पाय एके काळी टनांवारी परदेशी जात. १९८७ मध्ये ती निर्यात बंद करण्यात आली, आणि तरीही गोव्यात व कोकणपट्टीत पावसाळ्याच्या रात्री त्यांची चोरून शिकार होत राहिली. देशी बेडकांना पकडून पाळणे योग्यही नव्हे आणि त्यांतील अनेकांच्या बाबतीत कायद्याला धरूनही नव्हे. त्यांना पाहणे, ऐकणे आणि त्यांची जागा राखणे एवढेच त्यांचे संगोपन.

ज्यांच्या घरी शिंगवाला बेडूक आधीच आलेला आहे, त्यांनी त्याच्या पंधरा वर्षांची जबाबदारी अंगावर घ्यावी. आज सांगितलेल्या रीतीने ती अवघड नाही. ज्यांनी तो अजून घेतलेला नाही, त्यांनी दुकानात जाण्याआधी मृगाचा पहिला पाऊस पडेपर्यंत थांबावे, एखाद्या संध्याकाळी तलावाच्या काठाने चालावे आणि कान द्यावा. त्यानंतरही पेटी हवी असे वाटले, तर ती नीट जाणून, विचारपूर्वक आणावी.